मधली कुऱ्हाड

मधल्या मापाची कुऱ्हाड बाबांच्या कधी मनात भरली नाही. आमच्या घरात दोनच असत. एक मोठी, बाभळीचं खोड फोडायची. लहानपणी ती उचलायला गेले की मीच तिच्याबरोबर पुढे कलंडायचे आणि बाबा पोट धरून हसायचे. दुसरी हातकुऱ्हाड, शेळ्यांना पाला तोडायची. कुणी मधली दाखवली की म्हणायचे, "हे कायच्या कामाची? ना फोडाले, ना छाटाले." म्हणून त्या दिवशी अमडापूरच्या बाजारात ते लोहारासमोर उकिडवे बसले आणि नेमकं मधलं पातं हातात घेतलं, तेव्हा मी चाटच पडले. मग चिडले. चिडणं मला त्यांच्याकडूनच आलेलं, त्यामुळे त्याचं त्यांना काही वाटत नसे.

चिडायला कारणही होतं. आम्ही चिखलीहून डॉक्टरला दाखवून परत येत होतो. मी चिखलीत शाळेवर शिकवते, त्यामुळे तपासणीला त्यांना मीच न्यायचे. बाबांचं हृदय फार थकलंय, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. जड काही उचलायचं नाही, शेतातलं काम तर बंदच. बाबा शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलवत होते. आणि तासाभरात कुऱ्हाड घ्यायला बसले!

"बाबा, डॉक्टर काय म्हणे? ऐकलं ना तुमी?"

"ऐकलं ना बाई. म्या कुठं म्हटलं का मी तोडतो? घरात असू दे."

"घरात दोन हायेत."

"एक लय जड हाय, एक लय हलकी. मधली पाह्यजे."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी हाताची घडी घालून उभी राहिले आणि ते निवांत निवडत बसले. एकेक पातं डोळ्यासमोर धरायचे आणि दांड्याच्या भोकातून पाहून धारेची रेघ सरळ जाते का ते बघायचे. मग खड्याने ठोकून आवाज ऐकायचे. खणखणीत वाजलं तर ठेवायचे, बद्द वाजलं तर लोहाराकडे सरकवायचे. दांडा धावड्याचा घेतला. त्यात कुठं गाठ नाही ना, म्हणून त्यावरून दोनदा अंगठा फिरवला. आपल्या जावयालासुद्धा त्यांनी एवढं पारखलं नव्हतं, असं मी म्हटलं. लोहार हसला, बाबा नाही हसले.

दांडा कापायची आमच्याकडे एक रीत आहे. ज्याला कुऱ्हाड वापरायची, त्याने दांड्याचं एक टोक काखेत धरायचं आणि हात लांब करायचा. मधलं बोट जिथं संपतं तिथं दांडा कापायचा. लोहाराने बाबांना हात पुढे करायला सांगितलं. बाबांनी हात पुढे केलाच नाही. सदऱ्याच्या खिशातून सुतळीचा एक तुकडा काढला, एका ठिकाणी गाठ मारलेला, आणि म्हणाले, "या गाठीवर काप."

"दादा, तुमचा हात तं याच्याहून लांब हाय."

"काप म्हटलं ना."

लोहाराने कापला. मला वाटलं, अंगातला जोर गेला, आता आखूड दांडाच झेपेल हे त्यांनी स्वतःच ओळखलं असेल. ज्यांच्या खांद्यावर बसून मी गाव पाहिलं, ते असे स्वतःला बोटाबोटाने कमी करत चाललेत, हे पाहून माझा राग तिथल्या तिथे विरघळला. जीपमध्ये ती कुऱ्हाड मी माझ्या मांडीवर घेऊन बसले.

पुढच्या रविवारी घरी गेले तर वेगळाच प्रकार. शेतात हरभरा उगवून आला होता आणि रोही म्हणजे नीलगाई पिकात शिरू नयेत म्हणून भोवती कुंपणाला काट्यांची कुपाटी घालायची होती. आमच्याकडे हे काम ठरलेलं असतं. बोरी-बाभळीच्या फांद्या गड्याने तोडायच्या आणि बाईने ओढून नेऊन रचायच्या. आईने आयुष्यभर काट्या ओढल्या, पण कुऱ्हाडीला तिचा हात कधी लागला नव्हता. आणि आज बाबा शेताच्या कडेला धुऱ्यावरच्या लिंबाखाली अंग टेकून बसलेले, आणि नवी कुऱ्हाड घेऊन फांद्या तोडत होती ती आई. घामाने तिचं लुगडं पाठीला चिकटलं होतं.

"पाय फाकव जरा," बाबा बसल्या जागेवरून हुकूम सोडत होते. "उभी नको मारू, तिरपी मार. अन् जोर नको लावू वो, कुऱ्हाडीचं वजन आपोआप पडते. जिथं लागाले पाह्यजे तिथंच पाह्य."

"जलमभर वढल्या, आता तोडाले बी मीच काय?" आई करवादली.

"मले दम लागते ना."

मी त्यांना तोंडावर सांगितलं, "बाबा, दुखण्याचा चांगला फायदा घेऊन राह्यले तुमी."

"घेतो ना," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

मग प्रत्येक रविवारी तेच. कधी कुपाटी, कधी अंघोळीच्या पाण्यासाठी सरपण. लाकूड जमिनीवर फोडू नको, खाली ओंडका घे, नाहीतर दगडाने धार जाते. दांडा ढिला वाटला की पाण्यात बुडवू नको, पाचर नव्याने ठोक. महिन्यातून एकदा दांड्याला जवसाचं तेल चोळ. आई वैतागायची आणि तसंच करायची. शेवटी शेवटी तिचा घाव एका जागी पडायला लागला. बाबा तेव्हा हुकूम थांबवून नुसते बघत राहायचे.

हरभऱ्याला घाटे लागले आणि बाबा गेले. सकाळचा चहा पिऊन बाजेवर पडले होते, तसेच गेले. कुपाटीची एक बाजू राहिली होती.

जलदान विधी झाला, पाहुणे गेले, घर रिकामं झालं. मी आईला म्हटलं, "आता चिखलीले चाल माह्याकडं. इथं एकटी कशी राह्यशील? कोन करील शेताचं?" मी हट्टालाच पेटले होते. तिची पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. आई एवढंच म्हणाली, "ते एक बाजू राह्यली हाय, ते करून येऊ."

गेलो. ती तोडायला लागली, मी ओढायला लागले. थोड्या वेळाने ती दमलेली दिसली म्हणून कुऱ्हाड तिच्या हातातून घेतली. चार घाव घातले, चारी चार ठिकाणी पडले. दांडा मला लांब होत होता, हातात वळत होता.

"ते तुह्या हाताची नाई," आई म्हणाली.

तेव्हा मला लोहार आठवला. मी दांड्याचं टोक माझ्या काखेत धरलं आणि हात लांब केला. दांडा माझ्या बोटांच्या पुढे गेला. बाबांच्या हाताला तो आखूड होता.

"आई, इकडं ये. हात लांब कर."

आई जागच्या जागी थांबली.

"तुह्या बाबानं बी असंच म्हटलं होतं," ती हळूच म्हणाली. "बाजेची सुतळी आवळून राह्यले होते. म्हने, हे टोक काखेत धर अन् हात लांब कर. म्या म्हटलं, बाजेले माहा हात कायले पाह्यजे? तं म्हने, सुतळी किती लागते ते पाह्यतो."

तिने हात लांब केला. मी दांडा तिच्या काखेला लावला. काळा पडलेला, काट्यांनी ओरबाडलेला तो हात, आणि त्याच्या मधल्या बोटाशी दांडा संपला. बरोब्बर तिथंच.

मला रडू आवरेना. फायदा घेता म्हटलं होतं मी त्यांना. चिखलीला यायचं पुन्हा काढायची माझी छाती झाली नाही.

"म्हंजे त्याइले मालूम होतं," आई म्हणाली.

"हाव आई. हात खाली घे आता."

पण तिने हात खाली घेतला नाही. कुणीतरी अजून माप घेत असल्यासारखी ती तशीच उभी राहिली.