आधी ऐक, मग खोलू

मलकापुरात पाहुण्यांच्या घरी जेवायला बसलो होतो. फोन वाजला, बघितलं तर दस्तगीरचं नाव. मघाशीच तर बोलणं झालं होतं. माझ्या जुन्या ट्रकचं इंजिन खडखडायला लागलं म्हणून गाडी त्याच्या गॅरेजात सोडून मी पाहुण्यांकडं गेलो होतो, आणि तो खुशीत सांगत होता, "बाळू, आवाज घावला. इंजिनात न्हाईच. तू ये, तुला ऐकवतो, मग खोलू." कुठं आहे ते विचारलं तर सांगेना. मग करून टाक की बाबा, माझी कशाला वाट बघतोस, म्हणालो, तर फोन ठेवून दिला. आता परत फोन म्हणजे घाई लावायलाच असणार. तोंडात घास तसाच ठेवून मी डाफरलो, "येतो म्हटलं की रे, जेवू तर दे!" पलीकडं दस्तगीर नव्हता. त्याची लेक शबाना होती. "चाचा, अब्बा गेले," म्हणाली. आणि मी शहाण्यानं विचारलं, कुठं गेले?

माझ्याच ट्रकच्या बंपरला टेकून चहा पीत होता म्हणे. कप खाली ठेवला आणि तिथंच कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटपलं होतं. मातीला गेलो, खांदा दिला, कबरीवर मूठभर माती टाकली, भाभींना भेटून आलो. त्याला आता काही आठवडे झाले. पण खरं सांगू का, मला अजून ते पटलेलं नाही. माणूस आजारी पडतो, खंगतो, चार दिवस आपल्याला सवय व्हायला देतो. हा पठ्ठ्या, ये म्हणून बोलावतो आणि मी पोचायच्या आत निघून जातो! हे काय वागणं झालं? रागच येतो मला त्याचा. मग राग कुणावर काढायचा हेही कळत नाही...

आम्ही एका गल्लीत वाढलो. घरं समोरासमोर. आमच्या घरात वडिलांपासून गाड्यांचा धंदा, म्हणून मी स्टिअरिंगवर बसलो. त्याला पान्याची हौस, तो मिस्त्री झाला. शिरोली एमआयडीसीच्या रस्त्याला त्यानं पत्र्याचं गॅरेज टाकलं. कारखान्यांचा माल उचलणाऱ्या कैक गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या. माणूस गरीब गाय वगैरे अजिबात नव्हता. आवाज पहाडी, तोंड फटकळ आणि स्वतःच्या कानांचा गर्व एवढा, की त्यांचा विमा उतरवलाय का म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. तो म्हणायचा, व्हय, हप्ता तूच भर.

पण या कानांनी एकदा त्याची पार शोभा केली होती. तेव्हा तो नुकताच स्वतंत्र झाला होता. आमच्या वडिलांची गाडी चढाला लागली की खडखडायची. दस्तगीरनं बॉनेट उघडून कान लावला आणि बेअरिंग गेलंय म्हणून निकाल दिला. अख्खं इंजिन खाली उतरवलं, सुटं केलं, सगळं पुसून तपासलं, परत बसवलं. गाडी चढाला लागली, परत खडखड. वडिलांनी रागारागानं सीट उचललं, तर खाली जोतिबाच्या गुलालाचा पितळी डबा! आईनं गाडीला नवे टायर घातले तेव्हा ठेवलेला. चढाला गाडी मागं कलली की डबा घसरून पत्र्यावर नाचायचा. वडिलांनी नुसता डबा त्याच्या हातात दिला. गल्लीत मात्र कित्येक महिने त्याला बघितलं की कुणी ना कुणी विचारायचं, मिस्त्री, आज कुठला डबा उतरवला?

दुसरा असता तर लपवला असता हा किस्सा. हा स्वतःच सगळ्यांना सांगायचा, आणि त्यातनंच त्यानं आपला कायदा केला. आवाजाची गाडी आली की मालकाला समोर उभं करायचं. एक लांब शिसवी काठी होती त्याची. एक टोक इंजिनला लावायचं, दुसरं कानाच्या हाडाला, म्हणजे आतला आवाज काठीतनं वर येतो. आधी थंड इंजिनचा ऐकायचा, मग तापल्यावरचा. मग डिझेल पोचवणाऱ्या नोझलच्या पाइपांची नटं एकेक करून ढिली करायचा, म्हणजे तेवढाच सिलिंडर बंद पडतो. कुठला बंद केल्यावर खडखड कमी होते ते बघायचा. जिथं आवाज सर्वांत मोठा, तिथं तंबाखूतल्या चुन्याचं बोट टेकवून पांढरा ठिपका द्यायचा. आणि मग काठी मालकाच्या हातात. "आला?" विचारायचा. मालक आला म्हणाला, की विचारायचा, "खोलू?" मालक खोल म्हणेपर्यंत पान्याला हात लावत नसे. नुसती मान डोलावणारा मालक तर त्याला लगेच ओळखू यायचा, मग काठी परत हातात. मी कितीदा वैतागलो असेन. अरे मला काय कळतंय त्यातलं, तू मिस्त्री का मी? तो म्हणायचा, तुला कळंना तर थांब कळंस्तवर, गाडी तुझी हाय.

म्हणून त्या दिवशी तो माझी वाट बघत बसला होता. ठिपका दिला होता आणि चहा पीत होता... माझ्यासाठी थांबला नसता तर, असं येतं मनात. शबाना म्हणते, असलं काही डोक्यात घेऊ नका चाचा. घेत नाही. येतंच.

गाडी तिथंच उभी राहिली. माझ्या मुलानं दुसरा मिस्त्री नेऊन दाखवला. चांगला अनुभवी माणूस. त्यानं ऐकून सांगितलं की बेअरिंगच आहे, इंजिन उतरवा, असंच घाटात घातलं तर वाटेत मोडेल. मुलगा म्हणाला, पप्पा, उतरवू या. मी म्हणालो, नाही. दस्तगीर म्हणालाय इंजिनात नाही, म्हणजे नाही. मुलानं हळूच विचारलं, आणि तेव्हाच्या डब्यासारखं झालं असेल तर? मला झोंबलं ते, कारण माझ्याही मनात तीच भीती होती. इंजिन उघडलं आणि बेअरिंग गेलेलं निघालं, तर त्याचा शेवटचा शब्द खोटा ठरणार होता. ते सहन करायची माझी तयारी नव्हती. आणि बंद गाडी बघत बसायचीही नव्हती.

परवा रविवारी सकाळी शबानाला घेऊन गॅरेजवर गेलो. शटर वर केलं, तर डिझेल आणि तंबाखूचा तोच वास. काठी खिळ्याला होती. शबाना केबिनमध्ये चढली, स्टार्टर मारला, इंजिन खडखडत उठलं. तापू दिलं. मग मी काठी कानाला लावून एकेक जागा ऐकत निघालो. वरच्या झाकणावर आवाज होता, बाजूला होता, खाली तर चांगलाच दणदणत होता. गेलं बेअरिंग, म्हटलं. बसलो जरा बंपरवर. नंतर लक्षात आलं की मी ठिपका शोधलाच नव्हता. तो सापडला अगदी कडेला, ब्रेकची हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटवर. मळलेल्या लोखंडावर चुन्याचं बोट. काठी तिथं टेकवली आणि खडखड अशी कानात घुसली, की मी डोकं मागं घेतलं. ब्रॅकेटला केसाएवढी चीर गेली होती. जवळ पडलेली फळी त्यावर दाबून धरली... इंजिन शांत. अगदी गुणी पोरासारखं. फळी काढली, खडखड चालू. परत दाबली, शांत.

माझे डोळे वाहायला लागले आणि मी सवयीनं, नरडं फुटेस्तवर ओरडलो, "आला रे दस्त्या, आला!"

आणि काठी कानाला तशीच धरून, तो 'खोलू?' विचारेल म्हणून थांबलो. किती वेळ थांबलो कुणास ठाऊक. शेवटी शबानानं वरनं इंजिन बंद केलं.