शनिवारी बंद

सिपोराताई आवासकर शनिवारी दुकान उघडत नाहीत, हे लंडनच्या आमच्या ईलिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. हेन्रिकला माहीत नव्हतं. हातात ट्राउझर्स घेऊन तो तासभर बंद दारापुढे उभा राहिला आणि रविवारी पुन्हा हजर झाला.

सिपोराताई बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू; शनिवार त्यांचा विश्रांतीचा पवित्र वार. अलिबागजवळच्या आवासहून लग्न होऊन इथे आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली. नवरा गेल्यावर त्यांनी कपडे आल्टर करायचं हे दुकान काढलं आणि वरच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. मी ब्लाउज टाकायला जाते आणि उगीच बसून राहते. चोमडी आहे मी, मान्य आहे.

हेन्रिक पोलिश, विधुर, रिटायर्ड बस ड्रायव्हर. माणसाकडे इतक्या ट्राउझर्स कशा असतात, हा प्रश्न मला चौथ्या रविवारी पडला. काम होईपर्यंत तो पोलंडमधली जुनी दंतकथा सांगायचा. राजा कझिमीर एका गरीब शिंप्याच्या ज्यू मुलीच्या, एस्तेरकाच्या, प्रेमात पडला. तिला घर बांधून दिलं. किल्ल्यापासून त्या घरापर्यंत भुयार होतं, असंही म्हणतात.

"आणि ती काय म्हणाली?" सिपोराताईंनी मशीन न थांबवता विचारलं.

"ते गोष्टीत नाही."

"मग अर्धीच आहे तुझी गोष्ट."

मार्चमध्ये त्याने सरळ विचारलं. लंडनबाहेर बेसिंगस्टोकला मुलीच्या घरामागच्या छोट्या घरात तो राहायला जाणार होता. सिपोराने लग्न करून सोबत यावं. मुलीने शिवणाच्या मशीनसाठी खिडकीजवळची जागासुद्धा ठरवली होती.

सिपोराताईंनी उत्तर तीन आठवडे लांबवलं. माझ्या ब्लाउजची बाही मात्र उलटी लागली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"जा की ताई," मी म्हटलं. "किती लोन्ली राहायचं?"

"मला तो हवाय गं," त्या म्हणाल्या. "तो नाही आला तर रविवार जात नाही माझा. पण या वयात दुसऱ्याच्या घरात पाहुणी होऊन बसायचं? आणि नाही म्हटलं तर तो जाईलच ना."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला माझी चोमडी जीभ चावावीशी वाटली.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. मलिदा केला होता. शुभकार्याआधी किंवा नवस फेडायला त्यांच्यात एलियाहू पैगंबराच्या नावाने करतात तो. ताटात गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. मी सवयीने नैवेद्य समजून, येताना त्यांच्यासाठी आणलेल्या तुळशीचं पान वर ठेवून मोकळी झाले. मग लक्षात आलं आणि कानकोंडी झाले. सिपोराताईंनी पान उचललं, हुंगलं.

"आम्ही सब्जाचा पाला ठेवतो वासाला. तो मिळालाच नव्हता. राहू दे."

"आणि प्रार्थनेला पुरुष लागतात ना दहा?"

"कुठून आणू? एलियाहू समजून घेईल."

हेन्रिक आला आणि बेसिंगस्टोकच्या घराची किल्ली टेबलावर ठेवून बसला. प्रार्थना झाली. त्याच्या हातात बशी देत त्या म्हणाल्या, "एस्तेरका म्हणाली, मी येत नाही."

त्याने चमचा खाली ठेवला.

"म्हणाली, भुयार आहे ना, तूच ये. दोन खोल्या आहेत. पण दुकान शनिवारी बंद राहील."

हेन्रिकने किल्ली उचलली. माझा जीव टांगणीला लागला. त्याने ती खिशात टाकली.

"मुलीला फोन करावा लागेल," तो म्हणाला.

"कर. आधी खा."

गेल्या शनिवारी वार विसरून मी उलट्या बाहीचा तो ब्लाउज घेऊन गेले आणि दार वाजवलं. आतून हेन्रिक आला. त्याने काचेवरच्या ‘शनिवारी बंद’ या पाटीकडे बोट दाखवलं, हात हलवला आणि पुन्हा जिना चढून वर गेला.