विहिरीची पट्टी

अकोटच्या भाजीबाजारात शकुनबाईच्या तोंडी सहसा कोणी लागत नाही. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी उलटीपालटी करून परत ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सरळ म्हणते, "भाऊ, सांभार हाय हा. पोरगी पाहाले आल्यासारखं काय करून राह्यले?" गिऱ्हाईक हसतं आणि जुडी घेतं. फटकळ माणसं मनाची मोकळी असतात, असं आपण उगाच धरून चालतो. शकुनबाई जे बोलते ते विसरते, पण जे बोलत नाही ते वर्षानुवर्षं जपते. सख्ख्या भावावरचा राग तिनं असाच जपला, रोज थोडं थोडं पाणी घालून.

भावाचं नाव किसनराव. तो राहतो अकोटाहून परतवाड्याला जाताना लागतं त्या त्यांच्या गावात, बापाच्या घरात, बापाच्या वावरावर. बाप गेला तेव्हा शकुन नवी सासुरवाशीण होती. आपल्याकडे रीतच आहे, बहिणीनं हक्कसोड करून द्यायचं. वावर भावाला, बहिणीला माहेर. कोणी जबरदस्ती करत नाही, पण न देणाऱ्या बहिणीला गाव काय म्हणतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. किसनरावानं तिला एस.टी.नं अकोटला नेलं, रजिस्ट्री ऑफिसात बसवलं, न वाचताच सही करायला लावली. साहेबानं विचारलं, "बाई, राजीखुशीनं देता ना? कोणाचा दबाव नाही?" ती म्हणाली, "हो जी, राजीखुशीनं." खरंच खुशीनं म्हणाली ती. किसनराव बाहेर आल्यावर म्हणाला होता, "शकुन, तुयं माहेर आता मी. तुया पोरीच्या मांडवात मामा म्हनून सगळ्यात पह्यले मी उभा राहीन." हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण शकुनबाईनं ते ठेवलं होतं.

पुढं तिच्या दीपमालाचं लग्न निघालं. ती सालं तशी कठीणच होती. कपाशीनं भल्याभल्यांना रडवलं होतं, वावर विकतो म्हटलं तर घ्यायला कोणी नव्हतं. तरी शकुनबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं, गोपालनं, भाजीच्या दुकानावर सगळं जमवलं. भावाकडे आहेर मागितला नाही. पत्रिका घेऊन स्वतः गेली आणि म्हणाली, "तू फकस्त ये."

किसनराव आला नाही.

अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली. नवरीच्या मागं मामानं उभं राहायचं असतं. भटजी विचारत होते, "मामा कुठं आहेत नवरीचे?" सगळा मांडव शकुनबाईकडे पाहत होता. ती दाराकडे पाहत होती. शेवटी बाजारातले केशवराव केळीवाले पुढं आले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि दीपमालाच्या मागं उभे राहिले. व्याह्यांकडची एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. शकुनबाईनं ते पाहिलं आणि अक्षता टाकल्या.

नंतर निरोप आला की दिवस वाईट आहेत, रिकाम्या हातानं यायला किसनरावाला लाज वाटली. बाईनं एखाद्या वेळी हेही मानलं असतं. पण दोन-तीन बाजार झाल्यावर एका गाववाल्यानं सहज सांगितलं, लग्नाच्या दिवशी किसनराव चिखलदऱ्याला होता. अकोल्याचा एक प्लॉटवाला त्याचं वावर घ्यायला तयार झाला होता, त्याच्या जीपमध्ये बसून साहेब पॉइंट पाहायला गेले होते. ऐकून शकुनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी तिनं पालक कोणालाही पडत्या भावानं दिला नाही.

म्हणजे वावर विकायला निघालं होतं. जे वावर तिनं माहेरासाठी सोडलं, त्याचे आता प्लॉट पडणार, आणि माहेर तर आधीच बुडालेलं. तिनं मनाशी ठरवलं, हा सौदा होऊ द्यायचा नाही. कसा ते तिला ठाऊक नव्हतं. मग तिला ती पट्टी आठवली.

रस्ता आणि बापाचं वावर यांच्या मधोमध एक आडवी, चिंचोळी पट्टी होती, विहिरीसकट. ती बापाची नव्हती. शकुन लहान असताना ती तिच्या आईनं, पार्वताबाईनं, शेजारच्या खुशालरावाकडून आपल्या नावानं विकत घेतली होती. पण खरेदी झाली की झालं, असंच आपल्या लोकांना वाटतं. रजिस्ट्री करून आले, पेढे वाटले, कागद डब्यात टाकला. तो तलाठ्याकडे नेऊन फेरफार करायचा असतो, सातबाऱ्यावर नाव चढवायचं असतं, हे कोणी केलंच नाही. डब्यातला कागद पुढं वाळवीनं खाल्ला. पट्टी कसत राहिला किसनराव आणि सातबाऱ्यावर नाव राहिलं खुशालरावाचं.

तहसीलच्या आवारात निंबाखाली जहीरभाई अर्जनवीस बसतात. शकुनबाई त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं.

जहीरभाईंनी चष्मा कपाळावर नेला. "बाई, एक बात सांगा. ये हक का झगडा हाय का बदल्याचा? दोन्हीचा अर्ज येगळा लागते."

"बदल्याचा हाय," शकुनबाई म्हणाली. "पन तुमी हक्काचा लिवा."

जहीरभाई पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहून हसले. मग म्हणाले, "साल कोनतं? साल सांगा. रजिस्ट्री हापिसात कपाट भरून कागद हायेत, तिथं बिनसालाचा शोध घेनं म्हंजे मेयघाटात बकरी शोधनं."

साल काही केल्या तिला आठवेना. आईच्या त्या दिवशीच्या लुगड्याचा हिरवा काठ आठवत होता. ऑफिसाबाहेर खाल्लेली गरम भजी आठवत होती. साल मात्र नाही. घरी येऊन भाजी निवडता निवडता एकदम तिच्या लक्षात आलं. पट्टी घेतली त्याच साली तिचं शाळेतलं नाव काढलं होतं. विहिरीवर वांगी लावली, राखायला माणूस हवा, म्हणून चौथीतून शकुनला काढून तिथं बसवलं. किसन शाळेत गेला. तो पाटी घेऊन पट्टीवरूनच जायचा आणि ती गुरं हाकत असायची. इतकी वर्षं तिला याचं काही वाटलं नव्हतं, पण आता वाटलं, आणि चांगलंच वाटलं.

दुसऱ्याच दिवशी ती गावच्या शाळेत गेली. गुरुजींनी जुनं दप्तर झटकून शाळा सोडल्याचा दाखला दिला. तो तिनं जहीरभाईंसमोर ठेवला. "हे घ्या तुमचं साल."

त्या सालाच्या सूचीत पार्वताबाईचं नाव निघालं. नक्कल हातात पडायला पुष्कळ खेटे झाले. साहेब दौऱ्यावर, बाबू रजेवर, कधी वीजच नाही. शकुनबाई सकाळचा बाजार उरकून यायची आणि बाकावर बसून राहायची. बाबू वैतागून म्हणाला, "बाई, घरी काम नाही का तुम्हाला?" ती म्हणाली, "हेच काम हाय." नक्कल मिळाली तेव्हा तिनं आधी आईचा अंगठा पाहिला. शाईचा ठसा फिका झाला होता, पण होता. तिला रडू आलं नाही. आता किसन कसा सुटतो ते पाहू, एवढंच तिच्या मनात आलं.

जहीरभाईंनी अर्ज लिहिला. आधी खरेदीनं पार्वताबाईचं नाव, मग ती हयात नसल्यानं वारस म्हणून किसन आणि शकुन दोघांची. हक्कसोड बापाच्या वावराचं झालं होतं, पट्टीचा त्यात उल्लेखच नव्हता. तलाठ्यानं रीतीप्रमाणं नोटिसा काढल्या. म्हाताऱ्या खुशालरावानं सांगितलं, "पार्वताबाईले इकली ना म्या, खोटं कायले बोलू?" आणि किसनरावानं? कोतवाल नोटीस घेऊन गेला तेव्हा तो प्लॉटवाल्यासोबत चहा पीत होता. कोतवाल म्हणाला, सही करा. यानं न वाचता सही ठोकली. गावात तलाठ्याचे कागद कोण वाचतं? बहिणीला न वाचता सही करायला लावणारा हाच माणूस, आणि हरकतीची मुदत त्यानं चहाच्या कपाबरोबर संपवून टाकली.

फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर शकुनबाईचं नाव चढलं. ती कोणालाच काही बोलली नाही. सांभार विकत राहिली.

प्लॉटवाल्याच्या वकिलानं कागद काढले तेव्हा बोंब झाली. पट्टीशिवाय वावराला रस्ताच नव्हता, आणि रस्त्याशिवाय प्लॉट घेतो कोण? प्लॉटवाला म्हणाला, "बहिणीची सही आणा, नाहीतर सौदा मोडला." किसनराव बायकोला घेऊन शकुनबाईच्या दारी आला. दीपमालाच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. हातात साडीची पिशवी होती.

गोपालला वाटलं, आता घरात भांडी उडतील. पण शकुनबाईनं पाट मांडला, पाणी दिलं, वहिनीला कुंकू लावलं. किसनराव म्हणाला, "शकुन, लहानशी पट्टी हाय. सोडून दे मले. माहेर काय तुटते तुयं?"

"देतो ना," शकुनबाई म्हणाली. "कवा जाचं?"

किसनरावाचा चेहरा असा खुलला की गोपालला त्याची कीव आली. ते गेल्यावर गोपाल बायकोला म्हणाला, "तू खरंच देऊन राह्यली?" ती म्हणाली, "तू आपलं दुकान पाह्य."

ठरलेल्या दिवशी सगळे जमले. तेच ऑफिस, फक्त आता टेबलावर कॉम्प्युटर आणि फोटोचा कॅमेरा होता. प्लॉटवाला इस्त्रीचे कपडे घालून, वही सांभाळणारा त्याचा कारकून, दोन साक्षीदार, वहिनीच्या हातात नवी साडी. घरी पुरणाचा स्वयंपाक लावून आली होती ती. शकुनबाईला खुर्चीवर बसवलं. फोटोवाला म्हणाला, "बाई, वर पाहा." किसनराव घाईघाईनं तिच्या मागं येऊन उभा राहिला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. प्रेमानं नव्हे, ती मधेच उठू नये म्हणून.

शकुनबाईनं मान वळवून पाहिलं. भाऊ मागं उभा होता. दीपमालाच्या मागं जसा उभा राहायला हवा होता, अगदी तसाच. तिच्या छातीत जे काही इतके महिने पेटलेलं होतं, ते एकदम शांत झालं. आता घाई नव्हती. ती पुन्हा समोर वळली आणि साहेबाच्या प्रश्नाची वाट पाहू लागली.

साहेबानं कागद चाळले आणि सवयीनं विचारलं, "बाई, राजीखुशीनं देता ना? कोणाचा दबाव नाही?"

"नाही," शकुनबाई म्हणाली.

"म्हणजे दबाव नाही ना?"

"दबाव नाही. पन मी देत नाही. खुशी नाही माही."

साहेबानं पेन खाली ठेवलं. प्लॉटवाल्यानं किसनरावाकडे असं पाहिलं की तो खुर्ची सोडून मागं सरकला. साहेब म्हणाले, "लिहून देणारीच नाही म्हणते, मग दस्त नोंदवता येत नाही. पुढचा नंबर." प्लॉटवाला उठून बाहेर गेला आणि जीप सुरू झाल्याचा आवाज आला. जाताना त्यानं किसनरावाला बसायला बोलावलं नाही. शकुनबाईनं वहिनीच्या हातातली साडी न घेताच चपला घातल्या.

निंबाखाली किसनरावानं तिला गाठलं. जहीरभाई तिथंच अर्ज लिहीत होते, त्यांचं पेन थांबलं. किसनरावाचा आवाज फाटला होता. "शकुन, सगळ्याइसमोर नाक कापलं तू मायं. काहून? तुले पायजे तरी काय? अर्धं घे. पट्टीतलं नाही, वावरातलं अर्धं घे."

शकुनबाई थांबली. बाजारात कोणाशी बोलताना असतो तसाच तिचा आवाज होता, ना मोठा ना बारीक.

"मले वावर नोको. माया पोरीच्या मागची मांडवातली ती जागा पायजे होती. ते कोन्या हापिसात भेटते सांग, मी उद्याच अर्ज टाकतो."

शकुनबाईनं पदर खोचला आणि बाजाराकडे निघाली. सांभार उन्हात ठेवून आली होती, सुकायच्या आत विकायचा होता.