तिने हात ठेवला नाही

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, राजवाड्याजवळ चेन खेचल्याचं एक प्रकरण माझ्या अजून लक्षात आहे. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याची प्रभारी होते. फिर्यादी शिवणाचा क्लास चालवणारी मराठी बाई. मोटरसायकलवर मागे बसलेल्या माणसाने तिची चेन ओढली. चेहरा तिने नीट पाहिला होता.

काही दिवसांनी एक माणूस आपणहून ठाण्यात आला आणि जवळच्या सांवेर गावातल्या एका तरुणाचं नाव सांगून गेला. "वही है, मॅडमजी. चेन का आधा टुकड़ा तो बाई के पल्लू में ही अटका रह गया था."

तरुणाला अटक झाली, पण चेन मिळाली नाही. सगळी भिस्त ओळख परेडवर होती. तुरुंगात, तहसीलदारांसमोर, रांगेतल्या आरोपीच्या खांद्यावर हात ठेवून त्याला ओळखायचं.

बाईने साफ नकार दिला. "माझी मुलगी एकटी कोचिंगला जाते, मॅडमजी. चेन गेली तर गेली."

मग तरुणाचा मोठा भाऊ तिला दारात येऊन धमकावून गेला. दुसऱ्या सकाळी ती ठाण्यात हजर. "परेड कधी आहे? माझ्या घरी येऊन मला डोळे दाखवतो? बताती हूँ."

मला काळजीच वाटली. घाबरलेला साक्षीदार येतच नाही आणि चिडलेला कुणावरही हात ठेवतो. त्यात दोघा भावांचा तोंडवळा अगदी सारखा.

परेडच्या वेळी पोलिसांना आत थांबता येत नाही. मी फाटकाबाहेर होते. ती बाहेर आली.

"धमकी देणाऱ्याचा भाऊ रांगेत लगेच कळला. पण चेन ओढणारा तो नाही. नाही ठेवला हात."

"धमकी मिळाली तरी?"

"ती भावाने दिली ना? याला कशाला अडकवू?"

अर्धी चेन पदरात राहिल्याचं फक्त तिला आणि आम्हाला ठाऊक होतं, तरी खबर देणारा ते बोलून गेला होता. मी त्याला बोलावलं आणि भाऊ म्हणत गोडीत विचारलं. "तुला हे कुणी सांगितलं, भिया?"

आधी उडवाउडवी झाली, मग चेन आपणच ओढल्याचं त्याने कबूल केलं. त्या तरुणाने याच्या बहिणीशी ठरलेलं लग्न मोडलं होतं, म्हणून याने त्याचं नाव घेतलं होतं.

"स्वतः चोरी करून ठाण्यात आलास? भीती नाही वाटली?"

"गुस्से में सोचा ही नहीं, मॅडम."

उरलेली चेन त्याच्या घरी सापडली. पुढच्या परेडला बाईने त्याच्या खांद्यावर बेधडक हात ठेवला.

राग माणसाला धोका पत्करायला लावतो, हे मी नोकरीभर पाहिलं. त्याच रागाने त्या चोराला ठाण्यात आणलं आणि बाईला तुरुंगाच्या फाटकातून आत नेलं. रांगेसमोर उभं राहिल्यावर मात्र तिने फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. म्हणून एक निरपराध पोरगा घरी गेला.