सिद्धेशची दोन मिनिटं

आमच्या फाउंडेशन इयरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही कुणीतरी नुसतं "बांगडे" असं टाकतं, आणि पुढचा अर्धा तास कुणाचं कामात लक्ष लागत नाही. एक किस्सा निघाला की त्याला धरून दुसरा, दुसऱ्याला धरून तिसरा. आता सगळे हसतात. तेव्हा हसत नव्हतो हो!

आधी हे फाउंडेशन प्रकरण सांगते. अंधेरीच्या एका युनिव्हर्सिटीत बिझनेस कॉम्प्युटिंग आणि आंत्रप्रेन्युअरशिपची डिग्री होती. ज्यांचे बारावीचे विषय किंवा मार्क तिथे चालत नव्हते, त्यांना आधी एक वर्ष फाउंडेशन. पास झालात तर डिग्रीच्या पहिल्या वर्षात सीट. नापास झालात तर नमस्कार! पुन्हा बसायची सोय नाही.

हे मी बोरीवलीला आमच्याकडच्या सत्यनारायणाला मामाला समजावत होते.

"मानसी, म्हणजे तू एफवायला?"

"नाही मामा, एफवायच्या आधीच्या वर्षाला."

"बारावी तर झाली ना तुझी?"

"झाली."

मामाने प्रसादाचा द्रोण खाली ठेवला. "म्हणजे वर्षभर घासायचं, आणि पास झालीस तरी पहिलीतच?"

आई तिकडून म्हणाली, "आणि नापास झाली तर तेही नाही!" सगळ्या पाहुण्यांसमोर! मी शिऱ्याचा द्रोण घेऊन सरळ आत गेले.

*

पहिल्याच दिवशी नायर मॅडम वर्गात आल्या त्या हातात स्टॉपवॉच घेऊन. आमच्या कोर्सच्या हेड. जन्म मुलुंडचा, मराठी आमच्यापेक्षा कडक.

"एकेकाने उठायचं, एक मिनिट स्वतःबद्दल बोलायचं. माझं घड्याळ आवाजावर चालतं. गप्प झालात की मी ते थांबवते."

माझं झालं. माझ्या शेजारी हर्षिल, घाटकोपरचा गुजराती, त्याला तर थांबवावं लागलं. मग मागच्या बाकावरचा सडपातळ मुलगा उठला. सिद्धेश, वाकोल्याचा. उठला आणि उभाच राहिला. तोंड उघडलेलं, आवाज नाही. कपाळावरून घाम गालावर आला तरी आवाज नाही. बारावीच्या तोंडी परीक्षांत याचे मार्क असेच गेले होते, हे आम्हाला नंतर कळलं.

मॅडमनी घड्याळ बघितलं. "शून्य. बस."

मग त्यांनी वर्षाचा नियम सांगितला. शेवटी टीमने खरा बिझनेस उभा करून हॉलमध्ये पिच करायचं, म्हणजे जजसमोर तो मांडायचा. दहा मिनिटं टीमची. त्यात प्रत्येकाने माइकवर दोन मिनिटं बोललंच पाहिजे. जो बोलणार नाही, तो नापास. टीम पास झाली तरी तो नापास.

हर्षिलने हात वर केला. "मॅडम, इंग्लिशमध्येच?"

"भाषा कुठलीही चालेल. बिझनेसबद्दल बोला, बस. मला आवाज पाहिजे."

त्यानंतर टीमच्या चिठ्ठ्या काढल्या. मी, हर्षिल आणि सिद्धेश! झालं कल्याण, म्हटलं.

*

आयडिया ठरवायला कँटीनमध्ये बसलो. हर्षिल एआयवर चालणारा खाखरा विकायला निघाला होता. "अरे, खाखऱ्याला एआय कशाला लागतो?" मी विचारलं. "अगं, इन्व्हेस्टरला लागतो ना!"

तेवढ्यात सिद्धेशला आईचा फोन आला आणि हा बॅग उचलून धावत सुटला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला धरला. तिघाचौघांत तो बोलायचा, हळू आवाजात, पण नीट. त्यांच्या चाळीत नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही. आई हॉस्पिटलात आया, बाबा गोरेगावला गोडाऊनमध्ये. घरात कुणी नसलं आणि पाणी येऊन गेलं, की दिवसभर पिंप कोरडं.

"मग कुणी हाक नाही मारत?" हर्षिल म्हणाला.

"मारतात. घरात असेल त्याला ऐकू येते."

हाच आमचा बिझनेस. नावसुद्धा 'हाक'. पाणी पहिलं ज्याला दिसेल त्याने ॲपमध्ये बटण दाबायचं, की चाळीतल्या सगळ्यांच्या फोनवर रिंग आणि मोठ्ठ्या आवाजात "पाणी आलं!" सगळं कोडिंग सिद्धेशने केलं. झकास केलं. आम्ही दोघं नुसते स्लाइड रंगवत होतो.

त्या दिवशी घरी जाताना तो मला म्हणाला, "बाबांनी गोडाऊनमध्ये माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलाय. इथे नापास झालो तर लगेच तिथे पॅकिंगला."

"असं काही होणार नाही," मी म्हटलं. आणि रात्री मला झोप नाही.

*

बांगड्यांचा किस्सा हर्षिलचा. घाटकोपरला आपल्या घरी बसून त्याने "एकदा टेस्ट करतो" म्हणत बटण दाबलं. चाळीची खरी यादी तोवर जोडलेली होती! भर दुपारी अख्खी चाळ हंडे घेऊन नळावर. नळ कोरडा.

सिद्धेशच्या शेजारच्या पारकर काकी गॅसवर बांगडे टाकून धावल्या होत्या. त्यांचा मालवणीतून फोन आम्हाला आला. "पाणी नाय ता नाय, माझे बांगडे पण करपले! ज्येना बटन दाबल्यान त्येका हय पाठव!"

चाळ ॲप काढून टाकेल या भीतीने हर्षिलला पाठवावं लागलं. त्याच्या घरी कांदासुद्धा येत नाही! वाकोल्याच्या मासळी बाजारातून तो काकींना फोन करतोय, "काकी, ताजा कसा ओळखायचा?"

"ज्येचे डोळे तुझ्यासारखे पांढरे झाले, तो घेव नको!"

बांगडे पोचले, चाळ टिकली. त्या दिवसापासून काकी आमच्या सगळ्यात पक्क्या कस्टमर.

*

पिच जवळ आलं आणि माझं डोकं फिरायला लागलं. मॉक पिचला सिद्धेशने माइक घेतला, तोंड उघडलं, माइक परत दिला. घड्याळ शून्यावर. मी बाहेर येऊन त्याच्यावर ओरडलेच. "बोल ना रे! वाट लागेल तुझी, कळतंय का?"

"मला सगळं येतं, मानसी," तो म्हणाला. "माणसं बघायला लागली की घसाच बंद होतो."

मग हर्षिलच्या सुपीक डोक्यातून उपाय निघाला. भिंतीकडे तोंड करून प्रॅक्टिस! पार्किंगमध्ये सिद्धेशला भिंतीशी उभा केला, मागे आम्ही दोघं. "बोल! आता बोल! मोठ्याने!" सिक्युरिटीवाल्याने बघितलं आणि सरळ रॅगिंगची तक्रार केली.

आम्ही तिघं नायर मॅडमच्या केबिनमध्ये. रॅगिंग म्हणजे मी आणि हर्षिल कॉलेजबाहेर, विषय संपला. आणि आम्हाला वाचवणार कोण, तर सिद्धेश!

"यांनी तुला त्रास दिला?" मॅडमनी विचारलं.

सिद्धेशने जोरात मान हलवली.

"मान चालणार नाही. बोल."

हर्षिल पुटपुटत होता, "बोल रे बाबा, तुझ्या पाया पडतो." मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"ना... नाही."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "छान. अशीच दोन मिनिटं पाहिजेत. जा."

*

पिचचा दिवस. हॉल भरलेला, पुढे बाहेरून आलेले दोन जज, मध्ये नायर मॅडम आणि ते घड्याळ. आमचा प्लॅन असा, की मी बोलणार, हर्षिल बोलणार, मग सिद्धेश ॲप समजावणार आणि मी लॅपटॉपवरून टेस्ट कॉल देणार. त्यासाठी सिद्धेशचा फोन फुल व्हॉल्यूमवर टेबलावर ठेवलेला. काकींनी सकाळी मला बजावलं होतं, "पोराक सांभाळ गो."

माझं झालं. हर्षिलचं झालं. सिद्धेशने माइक घेतला. हॉल बघितला. आणि तेच! तोंड उघडलेलं, आवाज नाही.

भिंतीवरच्या घड्याळात आमची शेवटची चार मिनिटं. मग साडेतीन. जज कागद चाळायला लागले. मॅडमचा अंगठा बटणावर, हलत नव्हता. मी मनातल्या मनात आमच्या कुलदेवतेला उभं केलं होतं.

आणि फोन वाजला. "पाणी आलं! पाणी आलं!"

हर्षिल दातओठ खात माझ्याकडे वळला. "आत्ता कशाला दाबलंस?"

माझे दोन्ही हात टेबलाखाली होते, घट्ट एकमेकांत अडकवलेले. सिद्धेशने माझे हात बघितले. आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. त्याने एका हाताने फोन उचलला, नंबर लावला. दुसऱ्या हातात माइक तसाच, तोंडाजवळ.

"काकी! पाणी इला गो! आयेची ड्युटी आसा, आमच्या घरात कोण नाय! काळो पिंप भर पयलो. निळो नको, निळ्याक भोक आसा! पायप? पायप जिन्याखाली. नाय गो, उजव्या हाताक! हां. आणि जाधव आजीच्या दारात दोन हंडे ठेव, तिका जिनो उतरूक जमणा नाय. गुप्तांच्या घराक कुलूप आसा, त्येंची बालदी भायर हा, ती पण लाव. मी खंय? मी परीक्षेत आसंय! तू बोला नको, नळ धर! आता वरच्यांका सांग, मोटर लावू नका, खालच्यांचा पाणी तुटता..."

पहिल्या जजचा कागद हातातच राहिलेला. दुसरे जज हर्षिलला हळूच विचारत होते, "निळ्याला भोक आहे म्हणाला का?"

काकींचा आवाज फोनमधून आला, "भरलो रे पिंप!" सिद्धेशने फोन ठेवला. मान वर केली, आणि समोर भरलेला हॉल दिसला. पांढराफटक पडला बिचारा. त्याने माइक नीट धरला.

टक्! मॅडमनी बटण दाबलं.

"दोन मिनिटं अकरा सेकंद. बस खाली, सिद्धेश."

"पण मॅडम," सिद्धेश म्हणाला, "मी अजून सुरूच नाही केलं!"