कालकाकांचा काल

कालकाकांच्या तोंडी ‘उद्या’ हा शब्दच नव्हता. घर तलासरीकडचे, बोली अर्धी गुजराती. तिथे गेलेला दिवस ‘काल’ आणि येणाराही ‘काल’च. “काल पेंढा आणतो ने, भाऊ,” असे ते माझ्या वडिलांना सांगत आणि आमच्या चिकूच्या वाडीतले नवे गडी बुचकळ्यात पडत.

त्यांची बैलगाडी डहाणूजवळच्या आगरहून सुकट घेऊन तलासरीच्या बाजाराला जाई आणि येताना मुंबईला जाणाऱ्या चिकूच्या करंड्यांत घालायला भाताचा पेंढा आणी. पेंढ्याला सुकटीचा वास लागे. भाऊ चिडले की काका म्हणत, “मुंबईवाल्याला एका भावात दोन माल!” पुढे दोन राज्ये व्हायचे ठरले, तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारले, “मग काल आपण कुठे, भाऊ? गुजरातमध्ये की इथंच?”

मला शिक्षिका व्हायचे होते. पहिला विद्यार्थी आयताच मिळाला. “काका, काल म्हणजे गेलेला दिवस. येणारा तो उद्या.”

“आणि तुमचा परवा, बाय? तो दोन्हीकडं चालतो. मग माझ्या कालनं कुणाचं घोडं मारलं?”

तरी मी त्यांच्याकडून ‘उद्या’ घोकून घेत राहिले.

पुण्याला शिकायला जायचे अचानक ठरले, तेव्हा काका खोकल्याने घरीच होते. त्यांना न भेटता जाणे माझ्या जिवावर आले. आदल्या दिवशी तलासरीच्या बसच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी दिली. घोटाळा नको म्हणून मुद्दाम त्यांचाच शब्द घातला: ‘बायची गाडी काल सकाळी, डहाणू स्टेशन.’

दुसऱ्या दिवशी गाडी हलेपर्यंत मी दारात उभी होते. काका आले नाहीत. मला रडू आले, आणि त्याहून जास्त राग आला.

दोन महिन्यांनी भाऊंचे पत्र आले. काका गेले होते. शेवटच्या आठवड्यात भाऊ त्यांना भेटले, तेव्हा काका म्हणाले होते, “बायनं जाऊन मग चिठ्ठी धाडली ने. आधी कळवलं असतं, तर तसाच बैल जुंपून आलो असतो.”

“अहो, तो तुमचा काल होता,” भाऊ म्हणाले.

“माझा? तो तर बायनं सोडायला लावला. मी आता उद्या म्हणतो.”

पुढे डहाणूच्याच शाळेत मी वर्षानुवर्षे मराठी शिकवले. तलासरीकडची मुले घरी जाताना “काल येतो, बाई,” म्हणत. त्यांची ती चूक मला कधी दुरुस्त करवली नाही.