कंप्रेसरच्या वाट्याचा आवाज

आधी चहा घ्या, गरम आहे तोवर. मी एकदा सांगायला लागले की थांबत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

मला एक सांगा, माणसाच्या हातून मूर्खपणा होतो, कबूल. पण निदान त्या मूर्खपणावर सही करून शिक्का तरी मारू नये ना? मी मारला. शाळेचा गोल शिक्का, जांभळी शाई, अगदी ठसठशीत. आणि एकदा नाही, दोनदा!

आमची शाळा लोणारकडच्या बीबी गावच्या बाजारापासून थोडी आत, एका लहानशा गावात. दोन खोल्या आणि पुढे ओसरी. मी तिथली मुख्याध्यापिका. मुख्याध्यापिका म्हटल्यावर डोळ्यांसमोर केबिन आणि फिरती खुर्ची आली असेल, तर ती पुसून टाका. मी आणि एक सर, एवढीच आमची शाळा. त्यातले सर बहुतेक प्रशिक्षणाला गेलेले असतात.

शाळेच्या मागे एकच वावर, आणि वावराच्या पलीकडे गॅसचं कंप्रेसर स्टेशन. जमिनीखालच्या पाइपातून गॅस लांबवर जातो, जाता जाता त्याचा जोर कमी होतो, म्हणून मधे मधे त्याला पुढे ढकलणारी यंत्रं बसवतात. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरतो ना, तसाच प्रकार, पण राक्षसी. दिवसभर आपलं घूंऽऽऽ चालू. चार वर्षं मी मुलांची हजेरी त्यांच्या ओठांवरून घेतली, विश्वास ठेवा.

आणि यंत्रावर मात करायची म्हणून मीही वरच्या पट्टीत शिकवायला लागले. इतकी वरची, की घरी आमचे हे म्हणतात, "बहिणीले फोन काऊन लावतं? दारात उभी राहून सांग ना, लोणारले ऐकू जाईल." बघा, त्या कंप्रेसरनं माझी काय दशा केली!

त्यात बातमी आली, स्टेशन वाढवणार. दोन यंत्रं होती, आणखी दोन येणार. पण त्याआधी पर्यावरणाचा अभ्यास व्हावा लागतो. आवाज, धूळ, पाणी, झाडं, सगळं मोजायचं, अहवाल लिहायचा आणि तो जनसुनावणीत गावापुढे ठेवायचा. मी लगेच अर्ज ठोकला, की शाळा आणि स्टेशनच्या मधे आवाज अडवणारी उंच भिंत बांधा आणि कडेनं झाडं लावा. उत्तर आलं, मोजणीत काय निघतं त्यावर ठरवू. झालं! त्या दिवसापासून माझा जीव त्या भिंतीत अडकला. माझ्या मुलांना एकमेकांचं बोलणं ऐकू यावं, याहून मला दुसरं काही नको होतं.

स्टेशनात काम करणारे वानखेडे भाऊ आमच्याच गावात भाड्यानं राहतात. त्यांची मुलगी माझ्याकडे चौथीत. ते तिला सोडायला आले तेव्हा मी कळवळून विचारलं, "भाऊ, तुम्ही आठ-आठ तास तिथं कसे बसता हो? आम्हाला इथं सहन होत नाही!"

ते नुसते हसले. "यंत्राचं काही नाही जी मॅडम. यंत्राची सवय होऊन जाते."

किती सोशिक माणूस, असं मला वाटलं.

मोजणीच्या दिवशी पुण्याहून साठे साहेब आले. पन्नाशीचे, डोक्याला टोपी, कानामागे पेन्सिल. त्यांनी शाळेच्या अंगणात तिवईवर ध्वनिमापक उभा केला. त्याच्या टोकाला काळ्या स्पंजचा गोळा होता, मुलांनी लगेच त्याचं नाव काळा लाडू ठेवलं.

"मॅडम, याला कुणी हात लावू नये, एवढं बघा. बाकी रोजच्यासारखं चालू द्या. मी विहिरींच्या पाण्याचे नमुने घेऊन संध्याकाळी येतो," असं म्हणून ते गेले.

आणि पाचच मिनिटांत घूंऽऽऽ थांबलं! कंप्रेसर बंद. चार वर्षांत पहिल्यांदा मला शाळेत बसून कावळा ऐकू आला. मुलं छताकडे बघायला लागली, काही पडलं की काय म्हणून.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोजणीच्याच दिवशी यंत्र बंद? अहो, मी तपासणीतली मुरलेली बाई! साहेब येणार म्हटलं की मोडकी बाकं मागच्या खोलीत, हुशार मुलं पुढच्या रांगेत आणि शौचालयाला आदल्या दिवशी चुना, हे मी इतकी वर्षं करत आले आहे. मला कोण शिकवणार? कंपनीनं तेच केलं होतं. आवाज कमी दिसावा म्हणून यंत्रालाच सुट्टी दिली!

मी तडक गजानन भाऊंच्या पिठाच्या चक्कीवर गेले. चक्की शाळेला लागूनच आणि भाऊ आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष.

"भाऊ, यंत्र बंद केलं हो त्यांनी!"

"काऊन?"

"मोजणी चालू आहे ना! आवाज कमी भरावा म्हणून."

"बाप्पा! लय पोहोचलेले निघाले की हे."

"रोजचा आवाज आज नाही. म्हणजे उद्या भिंतही नाही. तो आवाज आता कोण भरून काढणार?"

गजानन भाऊंनी कपाळावरचं पीठ पुसलं. "आपुन काढू ना जी. किती पाह्यजे?"

किती पाह्यजे! जसं काही मी दळण घेऊन गेले होते.

"रोज कंप्रेसरचा असतो तेवढाच," मी म्हणाले. "जास्त नको. मी प्रामाणिक बाई आहे."

भाऊंनी चक्की सुरू केली. मी ओसरीत उभं राहून अंदाज घेतला आणि मान हलवली. कमी पडतंय. मग त्यांनी मिरची कांडपाचं यंत्र लावलं. बरं वाटलं, पण तो घूंऽऽऽ मधला भारदस्तपणा येईना. मग भाऊंचा चुलतभाऊ, त्याची बँजो पार्टी आहे, तो म्हणाला, आमची नाहीतरी तालीम करायचीच आहे, इथंच करतो. भजनी मंडळाच्या बायकांना वाटलं शाळेत काहीतरी कार्यक्रम आहे, त्या टाळ घेऊन आल्या. रस्त्यानं एक भांडीवाला भोंगा लावून चालला होता, त्याला आम्ही चहा पाजून तिथंच थांबवला. भाऊंनी तर म्हशीचं वगारू गोठ्यातून काढून पलीकडच्या अंगणात नेऊन बांधलं. मग म्हैस जी सुरू झाली!

"मॅडम, आता झालं का बरोब्बर?" भाऊ चक्कीतून ओरडले.

"काय?"

"म्हटलं, झालं का बरोब्बर?"

"काय म्हणता?"

तेव्हा मला खात्री पटली, की झालं बरोब्बर. आणि या सगळ्यात मी काय करत होते? मी काळ्या लाडवासमोर चौथीला बसवून एकोणतीसचा पाढा घेत होते. एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! माझा वाटा नको का?

संध्याकाळी साठे साहेब परत आले. वगारू तेवढं दुपारीच आईला परत दिलं होतं, बाकी मंडळी जोमात होती. साहेबांनी एकदा मापकाकडे बघितलं, एकदा बँजोकडे, मग माझ्याकडे.

"मॅडम, हे सगळं... नेहमीचंच आहे?"

"रोजचंच!" मी छाती पुढे काढून सांगितलं. "उलट आज थोडं कमी आहे."

"असं लिहून द्याल?"

"का नाही देणार? आत्ता देते!"

आणि शाळेच्या लेटरहेडवर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'शाळेच्या परिसरात रोज सकाळी दहा ते सायंकाळी पाच याच तीव्रतेचा आवाज असतो, असे प्रमाणित करण्यात येते.' खाली सही. वर शिक्का. साठे साहेबांनी पत्र जपून फायलीत ठेवलं आणि म्हणाले, "इतकं सहकार्य कुठे मिळत नाही, मॅडम." त्या आनंदात मी दोन दिवस तरंगत होते.

जनसुनावणी शाळेच्याच अंगणात होती. मांडव, माइक, जिल्ह्याहून आलेले अधिकारी. मुलं पुढे सतरंजीवर बसली होती. मी नवी साडी नेसून, चार पानांचं भाषण पर्समध्ये घालून तयार. अधिकाऱ्यांनी साठे साहेबांना अहवाल थोडक्यात सांगायला लावला.

"स्टेशनच्या यंत्रांचा आवाज आम्ही आधीच्या आठवड्यात मोजून ठेवला होता," साहेब म्हणाले. "त्यानंतर आमच्या विनंतीवरून एक दिवस यंत्रं पूर्ण बंद ठेवली आणि गावाचा स्वतःचा आवाज मोजला. गाव मुळात किती शांत आहे, हे कळल्याशिवाय यंत्रांचा त्रास किती ते ठरवता येत नाही."

मी अर्धवट बाहेर काढलेलं भाषण परत पर्समध्ये सरकवलं.

"तर या गावाचा स्वतःचा आवाज," साठे साहेबांनी चष्मा सारखा केला, "दोन्ही यंत्रांपेक्षा जास्त निघाला. नवीन यंत्रं आली तरी गावाला ती ऐकू येतील असं वाटत नाही. त्यामुळे भिंतीची गरज दिसत नाही. पुष्टीसाठी मुख्याध्यापिकांचं पत्र जोडलेलं आहे."

आणि त्यांनी पत्र उंच धरलं. जांभळा शिक्का शेवटच्या रांगेतून दिसत असणार.

गजानन भाऊ माझ्या कानाशी वाकले. "मॅडम, हे आपल्याच अंगावर आलं का काय?"

"गप बसा हो भाऊ!" मी कुजबुजले. निदान मला वाटलं, मी कुजबुजले. पण सगळा मांडव वळला आणि अधिकारी म्हणाले, "मॅडम, तुम्हाला काही बोलायचं आहे का?"

मी उभी राहिले. समोर माझी मुलं बसली होती. कुणी खडू मोडला, कुणी वही लपवली, की मी त्यांना म्हणते, उठा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा. ती सगळी माझ्याकडे बघत होती. माझ्या शहाणपणापायी त्यांची भिंत गेली होती, आणि खरं सांगते, मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. भाषण पर्समध्येच राहिलं. मी सगळं सांगून टाकलं.

अधिकारी गंभीर चेहऱ्यानं ऐकत होते. "म्हणजे मिरची कांडप तुम्ही लावलं?"

"हो साहेब."

"बँजोसुद्धा?"

"हो साहेब."

"आणि अहवालात 'अनोळखी, दीर्घ, खालच्या पट्टीतला आवाज' असं लिहिलंय, ते काय?"

"ती माही म्हैस व्हती जी!" गजानन भाऊ मागून म्हणाले.

मांडव हसून हसून कोसळायच्या बेताला आला. अधिकाऱ्यांनी रुमालानं डोळे पुसले. "मॅडम, परीक्षेत मुलांनी असं केलं तर तुम्ही काय करता?"

"पेपर पुन्हा लिहायला लावते," मी खाली बघून म्हणाले.

"मग लिहा पुन्हा. साठे, परत मोजा!"

दुसऱ्या मोजणीला गाव इतकं सुधारलं की गजानन भाऊ अनवाणी चालायला लागले. साठे साहेबांनी हात जोडले. "अहो, हेही नको! चक्की रोजची चालवा, शाळा रोजची भरवा. कृपा करून, फक्त रोजचं!" कंप्रेसर परत बंद केला आणि आम्ही सगळे आपापलं रोजचं करायला लागलो. कुणी काही म्हणजे काही जास्तीचं केलं नाही.

संध्याकाळी साठे साहेबांनी मला लॅपटॉपवरची रेघ दाखवली. "छान, मॅडम! गाव एकदम शांत आहे. ही थोडी चक्की, ही मधली सुट्टी. भिंत तुम्हाला नक्की मिळणार."

मला तर तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

"फक्त एक शंका आहे." त्यांनी रेघेवर पेन्सिल टेकवली. तिथं रेघ ताडाच्या झाडासारखी उभी गेली होती. "अकरा ते बारा हे कुठलं यंत्र लागतं हो? चक्कीच्या वर गेलंय."

मी भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं. अकरा ते बारा, इयत्ता चौथी, गणित.

"साहेब," मी अगदी हळू विचारलं, "कंप्रेसर आज दिवसभर बंद होता ना?"

"पूर्ण बंद."

म्हणजे चार वर्षं ज्याच्यावर खापर फोडत होते तो गप्प होता, आणि मी कुणाशीच स्पर्धा नसताना एकटी पहिली आले होते.

साठे साहेबांनी पेन्सिल उचलली. "नोंदीत काय लिहू?"

"लिहा," मी म्हणाले, "शैक्षणिक कार्य."

भिंत झाली. कडेनं कडुनिंब आणि करंज लावले, मुलं त्यांना पाणी घालतात. आता 'हजर' मला कानांनी ऐकू येतं. भिंत पूर्ण झाली त्या दिवशी वानखेडे भाऊ पेढे घेऊन आले, सगळ्या स्टेशनकडून म्हणून.

"आमचा त्रास संपला म्हणून तुम्ही कशाला पेढे आणले हो?" मला भरून आलं होतं.

भाऊ कान खाजवायला लागले. "तसं नाही जी मॅडम... मी तुमाले म्हटलं व्हतं ना, यंत्राचं काही नाही म्हणून? चार सालात आमच्या कंट्रोल रूमातल्या सगळ्याइले एकोणतीसचा पाढा पाठ झाला. आमचे साहेब तं झोपीत म्हणते म्हणे."

मी लगेच कपाटातून अंतिम अहवालाची प्रत काढली. भिंत मंजूर, एवढंच वाचून मी ती कपाटात ठेवली होती. पुढची ओळ त्या दिवशी वाचली. 'सदर भिंतीमुळे स्टेशनमधील कर्मचाऱ्यांनाही शाळेच्या आवाजापासून दिलासा मिळेल.'

आणि त्याच्या खाली 'वाचले, मान्य आहे' असं लिहून सही कुणाची? माझीच. शिक्का ठसठशीत.